दोन हजार फुटांचा तास

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरात लागणाऱ्या वेळेचा एक ठोकताळा मांडला. तीन मैल चालीला एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना वर आणखी एक तास. वसई तालुक्याच्या पूर्वेला उभे असलेले तुंगारेश्वर, कामणदुर्ग आणि टकमक हे तिन्ही डोंगर दोन हजार फुटांच्या आसपासचेच. हिशेब किती सोपा! एकेक डोंगर म्हणजे नेस्मिथचा एकेक तास. धावणाऱ्याने तर तो अर्ध्यावर आणायला हवा. प्रत्यक्षात रस्त्यावर चांगल्या वेळा नोंदवणारी मंडळी या डोंगरांत घामाघूम होऊन, पोटऱ्या धरून बसलेली दिसतात.

वसई-विरारला धावणे नवे नाही. महापौर मॅरेथॉन २०११ पासून इथल्या डांबरी रस्त्यांवर भरते, आणि एरवीही पहाटे बुटांचे आवाज येतात. पण हे सगळे धावणे रेल्वेच्या आजूबाजूच्या सपाटीवरचे. महामार्ग ओलांडून डोंगरात शिरणारे अजून थोडे. डोंगरधावेचे नाव निघाले की आपली माणसे सिंहगड–राजगड–तोरण्याकडे बोट दाखवतात, कारण तिथे दर डिसेंबरात मोठी अल्ट्रा शर्यत होते. आपल्या दाराशी उभ्या डोंगरांना मात्र ‘पावसाळी सहलीची जागा’ एवढीच ओळख.

सुरुवात करायची ती विरारच्या जीवदानीपासून. तेराशेहून जास्त पायऱ्या, भक्तांची वर्दळ, कडेला दुकाने. पहाटे उजाडायच्या आत पायऱ्यांवर सराव करणारे भेटतात. चढ सरावाला उत्तम, पण पायऱ्या एकसारख्या असतात, पाय पुढची पायरी न बघताही पडतो. डोंगरात नेमकी हीच सोय नसते.

तुंगारेश्वर हा या भागातला सगळ्यात पळता येण्याजोगा डोंगर. महामार्गावरच्या कमानीतून आत शिरले की रस्ता झाडीतून देवळाकडे जातो आणि वाटेत ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथे धावायचा विचारही करू नये, माणसांतून वाट काढण्यातच वेळ जातो. देवळापुढे रुंद कच्चा रस्ता वळणे घेत माथ्याकडे चढतो. चढ छाती फोडणारा नाही, पण संपत नाही. प्रत्येक वळणावर वाटते, हे शेवटचे. इथे ज्याला सगळ्या चढावर पळायचा हट्ट असतो तो मध्यावर कोलमडतो. गुडघ्यावर हात ठेवून झपाझप चालणारा त्याच्या आधी वर पोचतो. डोंगरधावेत चालणे ही हार नाही, हे रस्त्यावरच्या धावपटूच्या गळी उतरायला बराच काळ जातो.

तुंगारेश्वरचा हा सगळा परिसर २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे. योगायोग असा, की त्याच वर्षी युरोपात माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी, सुमारे १७० किलोमीटर लांबीची आणि दहा हजार मीटर चढाची प्रसिद्ध शर्यत सुरू झाली. दहा हजार मीटर म्हणजे कामणदुर्ग पंधरा-सोळा वेळा चढणे. आकडा ऐकून दडपण येते, पण आल्प्समधल्या धावपटूला घाम वाळवणारी हवा मिळते. आपल्याकडे पायथा समुद्रसपाटीच्या लगत आणि हवा खाडीची. घाम गळतो, पण वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. ऑक्टोबरात सकाळी नऊलाच अंग तापू लागते. नेस्मिथच्या स्कॉटलंडात ही अडचण नव्हती, म्हणून त्याच्या हिशेबात ती नाही.

खरी कसोटी कामणदुर्गाची. वसई–दिवा मार्गावरच्या कामण रोड स्थानकापासून देवकुंडी गावापर्यंत रस्ता सोपा. तिथून पुढे जंगल दाट होते आणि वाटा फुटू लागतात. ढोरवाटा, मोळीवाल्यांच्या वाटा, ओढ्यात उतरून नाहीशा होणाऱ्या वाटा. यातली मळलेली वाट खरी असे समजावे, तर ती गुरांच्या पाण्याच्या जागी नेऊन सोडते. धावण्याच्या नादात फाटा हुकला की परत येण्यात सगळी कमाई जाते. झाडांखाली मोबाइलवरची रेघ इकडेतिकडे सरकते, तिच्यावर विसंबून चालत नाही. गावातला वाटाड्या घ्यावा, हे माझे स्पष्ट मत. त्यात कमीपणा कसला?

दिवाळीच्या सुमाराला इथले गवत कमरेएवढे होऊन पिवळे पडलेले असते. वरून पाहिले तर मऊ गालिचा, आत मात्र सुटे दगड. पाऊल टाकले की दगड हलतो, आणि घोट्याला कळते तोवर वजन पुढे गेलेले असते. मोज्यात कुसळे घुसतात, ती घरी आल्यावर एकेक करून काढावी लागतात. त्याहून वाईट खाजकुयली. शेंगांवरची लव उघड्या हातापायांना लागली की पुढची वाट माणूस खाजवतच काटतो. तोकड्या चड्डीची हौस इथे अंगलट येते. शेवटचा चढ घसाऱ्याचा, हाताला येईल त्या कारवीचा आधार घेत जायचा. माथ्यावर कोरीव टाकी सोडली तर किल्ल्याचे फारसे काही उरलेले नाही. दक्षिणेला वसईची खाडी मात्र स्वच्छ दिसते.

आणि उतरणे! चढताना दम जातो, उतरताना मांड्या. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यातून त्यांना बारीक इजा होते, आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवते. नेस्मिथने उतरण्याला वेगळा वेळ धरलाच नाही. याच वाटांनी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका पाहाव्यात. छोटी पावले, गुडघे किंचित वाकलेले, टाच टेकवून थांबणे नाही. महागड्या बुटांवाल्यांच्या लांब ढांगा त्यांच्यापुढे अडाणी दिसतात.

महामार्गावरच्या साकवार गावातून चढायचा टकमक त्या मानाने सरळ आहे. (रायगडच्या टकमक टोकाशी याचा संबंध नाही, तरी गल्लत होतेच.) पायथ्याचा भाग पळता येतो, पुढे झाडीतला उभा चढ, वर टाकी आणि तोफा. मला हा डोंगर कामणदुर्गाहून आवडतो, कारण इथे वाट शोधण्यापेक्षा श्वासाकडे लक्ष देता येते.

उत्तरेला पालघरकडे निवड वाढते. सफाळ्याजवळचा तांदूळवाडी, वाघोबा खिंडीवरचा काळदुर्ग हे लहान, सकाळच्या फेरीचे. अशेरीला कातळटप्प्यावर शिडी आहे, तिथे धावणे संपून चढाई सुरू होते. वाघोट्याच्या बाजूचा कोहोज मोठा. माथ्यावरचा माणसासारखा दिसणारा सुळका लांबूनच खुणावतो, आणि चढाने पायांची परीक्षा पाहिल्याशिवाय हाती लागत नाही.

या डोंगरांत मोठी शर्यत भरवावी, अशी हौस अधूनमधून कुणाला येते. मला ती पटत नाही. तुंगारेश्वरात बिबटे आहेत, आणि पहाट व सांज ही त्यांच्या वावराची वेळ, नेमकी आपल्या धावण्याचीही. ध्वनिवर्धक आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग त्या जंगलाला परवडणारा नाही. दोघे-चौघे, वनखात्याची परवानगी घेऊन, उजाडल्यावर आत आणि ऊन चढायच्या आधी बाहेर, एवढे पुरे. पावसाळ्यात चिंचोटीसारख्या धबधब्यांवर दरवर्षी बंदी येते ती उगाच नाही. फुगलेला ओढा ओलांडण्यात शौर्य नाही.

निघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर पाने झडतात, सावली जाते आणि वणव्यांचे दिवस येतात. माणशी किमान दोन लिटर पाणी सोबत हवे, माथ्यावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नये. मीठ-साखर हाताशी असावी, आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवलेली असावी. कामणदुर्ग करणाऱ्याने वसई–दिवा मार्गाचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. या मार्गावर गाड्या मोजक्याच, आणि दुपारची एक हुकली तर चिंचोटी नाक्यापर्यंत रिक्षा मिळते का ते पाहणे, नाहीतर उरलेले अंतर पायी तोडणे, एवढेच हाती राहते.