कातडीवरची खाज काय सांगते?

ऐका मुलांनो, ही गोष्ट इजिप्तमधली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आर्थर लूस नावाचे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ तिथे अंकुशकृमींचा अभ्यास करत होते. हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो, हे ठाऊक होतं. पण पोटात शिरतो कसा? तोंडावाटे, असं समजत. म्हणून लूस अळ्या असलेलं पाणी गिनीपिगांच्या तोंडात थेंब थेंब सोडत होते. एकदा ते हातावर सांडलं. थोड्याच वेळात आग व्हायला लागली, जागा लाल झाली. दुसऱ्या कुणी हात धुऊन टाकला असता! लूसनी मुद्दाम पुन्हा थेंब टाकला, मग कातडीवरचं खरवडून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. अळ्या गायब, मागे राहिल्या नुसत्या त्यांच्या काती. पुढे त्यांच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी निघाली.

"म्हणजे त्या अनवाणी पायातून येतात, आजोबा?"

हो गं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची अळी ओल्या मातीतून पायात शिरते. रक्तातून फुप्फुसात, तिथून श्वासनळीने घशापर्यंत वर, आणि गिळली की आतड्यात. केवढा फेरा!

पण माझा जीव अडकतो तो कातडीतल्या लढाईत. ती लाली, ती खाज म्हणजे शरीराने दिलेली हाक असते. पांढऱ्या पेशी धावत येतात. त्यातल्या काही तर स्वतःच्याच डीएनएचं जाळं अळीवर फेकतात! उंदरांमधल्या अशाच एका जंतावर हे पाहिलंय. अळीही खमकी, जाळं कापणारं विकर सोडते आणि निसटते.

तोच जंत उंदरावर दुसऱ्यांदा आला, की मात्र चित्र पालटतं. बेसोफिल नावाच्या पेशी रक्तातल्या शंभर पांढऱ्या पेशींत सरासरी एकसुद्धा नसतात, पण त्या जुना शत्रू ओळखतात आणि इतर पेशींना कामाला लावतात. मग बऱ्याच अळ्या कातडीतच अडकतात.

माणसाला एवढं साधत नाही. दुसऱ्या वेळी खाज जास्त सुटते, तरी लागण होतेच. पोटातला जंत अशी प्रथिनं सोडतो, की आपली प्रतिकारशक्ती नरमते. असा तो वर्षानुवर्षं जगतो.

तरी शास्त्रज्ञांनी आशा सोडली नाही. क्ष-किरणांनी दुबळ्या केलेल्या अळ्यांची लस कुत्र्यांसाठी १९७३ साली अमेरिकेत विक्रीला आली होती. ती लागू पडायची, पण दोनच वर्षांत बाजारातून गेली. माणसांसाठीच्या लसीवर अजून काम चालू आहे.