दिवा आधी लागला पाहिजे

रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मेस्त्रींचं गॅरेज आहे. श्रावणातल्या सरीने पत्रा एवढा वाजतोय की बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. मेस्त्री एका पांढऱ्या हॅचबॅकचं बॉनेट उघडून उभे आहेत. गाडी २०१३ची. गणपती जवळ आले की इथे अशाच गाड्यांची रांग लागते. मे महिन्यात चाकरमानी मुंबईला परततात आणि गाडी गावच्या घरी उभी राहते, ती थेट आता हलते.

ही गाडी मात्र गावातच राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेची आहे. बाई ती बाजारापर्यंत नेतात आणि परत आणून लावतात. पावसात तेवढंही होत नाही. मग त्या रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात.

"त्यानेच बॅटरी बसली," मेस्त्री सांगतात. "पाच मिनिटांत बॅटरी पुरेशी भरत नाही. अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर चालूच करू नका."

शेजाऱ्याने केबल लावून गाडी सुरू करून दिली, तेव्हापासून डॅशबोर्डवरचा एक दिवा विझत नाही. पट्टा बांधून बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा, असं त्या दिव्याचं चित्र. बाई म्हणतात, "एकजण म्हणाला, दिवाच काढून टाकतो, मग त्रास नाही."

मेस्त्री पान्हा खाली ठेवतात. "बाई, हा दिवा पेटून राहिला म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत दोष आहे. टक्कर झाली तर बॅग उघडेल याचा भरवसा नाही. दिवा काढला तर दोष तसाच राहील, फक्त तुम्हाला दिसणार नाही."

त्यांनी कालच स्कॅनर लावून पाहिलंय. दोन कोड मिळाले. एक जुना, व्होल्टेज कमी पडल्याचा. तो बसलेल्या बॅटरीचा. दुसरा आत्ताही हजर आहे, चालकाच्या बॅगेच्या सर्किटचा. बॅटरी सुधारल्यावर पहिला गेला असता, दुसरा नाही. खरं तर स्कॅनरच्या आधीच मेस्त्रींनी विचारलं होतं, "हॉर्न वाजतो का?" स्टिअरिंग वळवताना कधी वाजतो, कधी नाही, असं उत्तर मिळालं तेव्हाच त्यांचा अंदाज बांधला गेला होता. स्टिअरिंगच्या मागे एका चपट्या डबीत पट्टीसारखी तार गुंडाळलेली असते. चाक दोन्हीकडे फिरलं तरी हॉर्नची आणि बॅगेची जोडणी तुटू नये म्हणून ती असते. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. वर्षानुवर्षांच्या वळणांनी ती आतून तुटते. नवी आज सकाळी कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आली आहे.

बॅटरी काल मीटरवर ११.८ व्होल्ट दाखवत होती. पूर्ण भरलेली १२.६च्या आसपास असते, १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभर सावकाश चार्ज करून आता ती १२.६वर थांबली आहे आणि स्टार्टर फिरताना १०च्या खाली जात नाही. म्हणजे वाचली. रिकामी तशीच पडून राहिली असती तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसला असता आणि नवीच घ्यावी लागली असती.

आता चावी काढून बाजूला ठेवली जाते. मेस्त्री आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवतात, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पान्हा बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. शेडमध्ये बिडी पेटवायला म्हणूनच मनाई आहे.

लगेच स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बॅटरी सुटली तरी एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. अपघातात तार तुटली तरी बॅग उघडावी यासाठीच ती साठवलेली असते. किती थांबायचं ते प्रत्येक गाडीच्या पुस्तकात वेगळं. कुठे दीड मिनिट, कुठे त्याहून जास्त. मेस्त्री पुरेसा वेळ जाऊ देतात. तेवढ्यात त्यांच्या हाताखालचा मुलगा टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुतो, तारेच्या ब्रशने घासतो, पुसून कोरडं करतो. व्हॅसलिनचा हात जोडणी झाल्यावर. सेलमध्ये पाणी कमी आहे, तिथे डिस्टिल्ड पाणीच घालतो. नळाच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खातात.

मग स्टिअरिंगच्या मागचे स्क्रू सुटतात आणि बॅग बाहेर येते. पिवळ्या कनेक्टरला हात लागताच मी नकळत एक पाऊल मागे सरकतो. मेस्त्री ती अंगापासून लांब धरून नेतात आणि टेबलावर ठेवतात, गादीची बाजू वर. पालथी ठेवली आणि चुकून उघडली तर ती गोळ्यासारखी उडेल. टकरीच्या वेळी हीच बॅग ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगते, यावरून तिच्यातल्या जोराची कल्पना यावी.

मुलगा मल्टिमीटरच्या तारा बॅगेच्या पिनांकडे नेतो. मेस्त्री त्याचं मनगट पकडतात. "तिला मीटर लावायचा नाही. कधीच नाही." मीटर रोध मोजताना स्वतःचा थोडा करंट सोडतो, आणि बॅग पेटवणारी कांडी थोड्याशा करंटवरच पेटते. मुलगा गोरामोरा होतो. मेस्त्री त्याला पुन्हा, शांतपणे, सगळं समजावतात. इथे हे शिकवणारा माणूस आहे याचं मला फार बरं वाटतं.

पुढची चाकं सरळ केली जातात, नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर बसवली जाते, बॅग परत जागेवर जाते. आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. पहिल्यांदा चावी फिरवताना आत कुणी बसत नाही. मेस्त्री बाहेर उभं राहून, बॅगेच्या वाटेतून अंग बाजूला ठेवून हात आत घालतात. स्कॅनरवर कोड पुसतात, चावी बंद करून पुन्हा फिरवतात. दिवा लागतो, काही सेकंद राहतो, विझतो. बाई हॉर्न दाबतात. वाजतो. इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर १४.२ दिसतं, म्हणजे अल्टरनेटरही ठीक आहे.

"पट्टा मात्र बांधायचा, बाई," मेस्त्री बजावतात. "पट्टा नसेल तर बॅग वाचवण्याऐवजी इजा करू शकते."

भारतात नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ती फक्त वरच्या मॉडेलला मिळायची, आणि त्याच गाड्या आज हातोहात विकल्या जाताहेत. मेस्त्रींकडे अशाही येतात ज्यांचा दिवा कधी लागतच नाही. तो कुणीतरी काढलेला असतो.

म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन सुरू करण्याआधी फक्त चावी फिरवा आणि त्या दिव्याकडे पाहा. तो लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही, तर स्कॅनर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि गणपतीनंतर गाडी गावी ठेवून परत जाणार असाल, तर निघताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवा.