युगांडाची रोबस्टा कॉफी : मळ्यापासून पेल्यापर्यंत

रोबस्टा म्हणजे धट्टीकट्टी. कॉफीच्या एका जातीला हे नाव मिळाले ते तिच्या काटकपणामुळे. परंतु बाजारात तेच नाव हलक्या मालाची खूण होऊन बसले आहे. अरेबिका ती सुवासिक आणि घरंदाज, रोबस्टा ती कडू, स्वस्त, झटपट कॉफीच्या डब्यात भरावयाची, अशी सर्वसाधारण समजूत. या समजुतीत तथ्य किती व अन्याय किती हे पाहावयाचे, तर पूर्व आफ्रिकेतील युगांडाकडे वळले पाहिजे. तेथे रोबस्टा कोणी बाहेरून आणून लावलेली नाही. किबालेच्या अरण्यात ती आजही रानटी अवस्थेत उगवते.

बुगांडा प्रांतात कॉफी पिण्याच्या आधीपासून ती चघळण्याचा प्रघात होता. फळे वनस्पतींबरोबर उकडून वाळवीत आणि, आपल्याकडे पानसुपारी करतात तशी, पाहुण्यापुढे ठेवीत. दोघांना रक्ताचे भाऊ व्हावयाचे असले, तर एकाच फळातील दोन बिया आपापल्या रक्ताचा थेंब लावून एकमेकांस खावयास देत.

व्हिक्टोरिया सरोवराचे पाणीच समुद्रसपाटीपासून सुमारे ११३० मीटर उंचीवर आहे. इतर देशांत रोबस्टा बहुधा सखल, उष्ण प्रदेशात लावतात. येथे ती उंचावर, केळीच्या बागेत, वडाच्या कुळातील झाडांच्या सावलीत वाढते. रात्री गारवा असतो, फळ सावकाश पिकते आणि बी चांगली भरते. या झाडाची आणखी एक खोड म्हणजे स्वतःच्या परागाने त्याला फळ धरत नाही, शेजारी निराळ्या वाणाचे झाड असावेच लागते. १९९३ मध्ये येथे मर रोग दिसू लागला आणि पुढील दहा वर्षांत देशातील जवळजवळ निम्मी रोबस्टा झाडे वाळून गेली. कितुझा येथील संशोधन केंद्राने रोगाला दाद न देणारे वाण निवडले व त्यांची छाटकलमे शेतकऱ्यांना मिळू लागली. एकच वाण लावून भागत नसल्यामुळे ही कलमेही अनेक वाण मिसळून लावावी लागतात.

परंतु आमच्या मते रोबस्टाचे नशीब ठरते ते तोडणीनंतरच्या काही दिवसांत. फांदी मुठीत धरून हिरवी-लाल सारी फळे एकदम ओरबाडली, की कच्च्या फळांचा तुरटपणा पेल्यात उतरलाच. मग ती उघड्या मातीवर पसरली की मातीचा वास, आणि ढीग करून ठेवली की बुरशी. उलट, पिकलेली लाल फळे तेवढी वेचावी, पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ फळे काढून टाकावी, उरलेली जाळीच्या माचावर पातळ पसरून दिवसातून अनेकदा हलवावी, पावसात झाकावी आणि बियांतील ओलावा सुमारे १२ टक्क्यांवर येईपर्यंत धीर धरावा. यात गूढ काहीच नाही. आपल्या कोकणातील आमसुले वाळविणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागणार नाही.

मग शेतकरी तसे करीत का नाही? वाळलेल्या सालीसकटच्या फळांना तेथे किबोको म्हणतात. गावचा व्यापारी किबोको बहुधा वजनावर घेतो. चांगल्या-वाईटाला भाव एकच. मुलांची फी भरावयाची असते, घरात आजारपण निघते, आणि मग झाड फुलावर असतानाच पीक विकले जाते. पिकेपर्यंत थांबावे तर रात्री चोरी होण्याचे भय. अशा माणसाला दर्जाचे व्याख्यान देणे सोपे आहे. जेथे लाल फळाला वेगळा, रोख भाव मिळतो तेथे त्याची गरज पडत नाही.

असा भाव द्यावयाचा तर चांगले कशाला म्हणावे हे आधी ठरले पाहिजे. रोबस्टाची परीक्षा फार काळ अरेबिकाच्या मापाने होत आली. २०१० च्या सुमारास युगांडाच्या तत्कालीन कॉफी विकास प्राधिकरणाच्या सहकार्याने तिच्यासाठी स्वतंत्र कसोटी तयार झाली. एकाच नमुन्याचे पाच पेले मांडून, भरड पुडीवर कढत पाणी ओतावयाचे. चार-एक मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून वास घ्यावयाचा. नंतर चमच्याने जोरात भुरका मारून तो घोट तोंडभर फिरवावयाचा. (घरी मुलांना आपण ज्यासाठी रागावतो, तेच येथे शास्त्र आहे.) खारटपणा व आंबटपणा यांचे परस्परप्रमाण आणि कडू व गोड यांचे परस्परप्रमाण, हे या कसोटीचे वैशिष्ट्य. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या सुमारे दुप्पट असते, तेव्हा थोडा कडूपणा राहणारच. तो गोडव्याला झाकून टाकतो की त्याच्याशी जुळते घेतो एवढेच पाहावयाचे. शंभरपैकी ८० गुण मिळाले की ती उत्तम रोबस्टा. तिच्यात कोको, भाजलेला शेंगदाणा, गूळ, कधी मनुका अशा छटा सापडतात आणि घोट दाट लागतो. वाईट वाळविलेलीत गोणपाट, जळके रबर आणि लाकूड.

जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीत हा फरक आपल्याला कळणे कठीण. तो कळावयाचा तर पहिले दोन घोट बिनदुधाचे, बिनसाखरेचे घ्यावे आणि पेला थोडा निवू द्यावा. कढत असताना लपलेला दोष निवल्यावर जिभेवर येतो. युगांडातील कित्येक मळेवाल्यांनी हे दोन घोट कधी घेतलेलेच नसतात. त्यांच्या घरी चहा होतो.