आत्याचा पत्ता हक्कसोडपत्रात

पानिपतच्या रणांगणातून 14 जानेवारी 1761 रोजी जे जिवंत बाहेर पडले, त्यांत विठ्ठल शिवदेव दाणी होते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातले विंचूर ही त्यांची जहागीर. त्यावरूनच हे घराणे विंचूरकर म्हणून ओळखले जाऊ लागले. विठ्ठल शिवदेव परतले, 1767 मध्ये वारले, त्यांच्या मागे वंश चालला आणि त्याची नोंद राहिली. जे परतले नाहीत त्यांच्या घरी मात्र सुतकही धरता येईना आणि वाटही सोडवेना.

सदाशिवरावभाऊंचे प्रेत ओळखून त्याला अग्नी दिल्याचे काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. अशा घराच्या दारात कोणीतरी 'मीच तो' म्हणत उभा राहणार, हे जवळजवळ ठरलेलेच होते. भाऊंचा तोतया उभा राहिला, पकडला गेला, रत्नागिरीच्या कैदेत पडला. 1776 मध्ये तिथल्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्यांनी, त्यालाच खरा भाऊ मानून बाहेर काढले. मग कोकणातले किल्ले त्याच्याकडे जाऊ लागले. शेवटी तो रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यात त्याची चौकशी झाली आणि सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण म्हणून त्याला देहदंड मिळाला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हे प्रकरण मराठी घरांत पोचले.

नाटक बाजूला ठेवले तर उरतो तो एका हरवलेल्या नातेवाइकाची ओळख पटवण्याचा खटला. चेहरा पंधरा वर्षांत बदलतो. आठवणी ऐकून पाठ करता येतात. मग नाते सिद्ध कशाने करायचे? विंचूरच्या एखाद्या साध्या शेतकरी घराला आज हाच प्रश्न पडतो, तेव्हा सुदैवाने त्याच्या दिमतीला पेशव्यांच्या पंचांपेक्षा जास्त कागद असतात.

समजा, पणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत गेले आणि पुन्हा आले नाहीत. घरात उरले आहे एक नाव आणि 'प्लेगच्या आधी की नंतर' असा एक वाद. पहिला उत्साह त्या नावामागे धावण्यात खर्च होतो. नाव हा सगळ्यात कच्चा धागा. जन्मपत्रिकेतले एक, शाळेतले दुसरे, हाक मारायचे तिसरे. आडनावाचेही तसेच: गावावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावर पडते. पुण्यात किंवा इंदुरात भेटलेला प्रत्येक विंचूरकर सरदारांचा वंशज नसतो, आणि विंचुरातून निघालेल्या दोन विंचूरकरांची जातही एक असेल असे नाही. म्हणून जाणते शोधक नाव बाजूला ठेवतात आणि गाव, वडिलांचे नाव, सोबतची माणसे यांचा त्रिकोण पकडतात.

हा त्रिकोण सापडायची पहिली जागा म्हणजे तहसील कचेरीतली अभिलेख खोली. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा अमलात येईपर्यंत गावातले जन्म आणि मृत्यू गाव नमुना 14 मध्ये लिहिले जात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तारीख, बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण, सगळे एका ओळीत. जुनी पाने मोडीत असतात, आणि आजोबांची सही मोडीत असूनही नातवाला ती वाचता येत नाही, हा आपल्या शिक्षणाचा एक मजेदार पराक्रम आहे.

या खोल्यांना 2023 पासून अचानक वर्दळ आली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, आधी मराठवाड्यात आणि नंतर राज्यभर. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, धूळ खात पडलेली बुके स्कॅन झाली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला यातून न मागता देणगी मिळाली. प्रमाणपत्रासाठी वंशावळ जुळवताना अनेकांना कागदावर असा एक चुलत पणजोबा भेटला, ज्याचे नावही घरात कोणी काढत नव्हते.

शाळेचे जनरल रजिस्टर दुसरे. त्यात शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते, आणि 'परगावी गेल्यामुळे' हे दोनच शब्दही शोधाचे वर्ष पक्के करतात.

तिसरी जागा मात्र थेट गोदाकाठी. नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. गाव, आडनाव आणि जात सांगितली की आपले उपाध्ये कोण ते कळते. मग वही उघडते: कोण आले, कोणाच्या अस्थी आणल्या, सोबत कोणते भाऊ-पुतणे होते, आणि खाली येणाऱ्याच्या हातचा मजकूर किंवा अंगठा. हरिद्वारसारख्या तीर्थांवरच्या अशा वह्यांचे मोल अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने 1970 च्या दशकातच ओळखले आणि त्यांची सूक्ष्मचित्रे घ्यायला सुरुवात केली. शोधकाच्या दृष्टीने या वहीची खुबी वेगळीच आहे. घराशी बोलणे टाकलेला भाऊसुद्धा आईच्या अस्थी घेऊन पुष्कळदा त्याच उपाध्यायांकडे येतो. भावांचा अबोला असला तरी उपाध्ये एकच असतात. त्याने लिहिलेल्या चार ओळींत त्याचे नवे गाव असते. म्हणून आपल्या पानाच्या मागचीपुढची पानेही वाचावीत.

इथवर पुरुषांचे बरे चालले. बाई हरवली की शोध अवघड होतो. लग्नात आडनाव जाते, कैकदा पहिले नावही बदलते आणि माहेरच्या वंशावळीत तिच्या जागी रिकामी फांदी राहते. जुन्या नामावळ्यांतही बायकांची नावे तुरळक. घरातली माणसे सांगतात, 'आत्या तिकडे कुठे वैजापूरकडे दिली होती.' तिकडे म्हणजे कुठे, ते सांगणारे गेले.

अशा वेळी कामाला येतो तो महसूल खात्याचा कागद. जमीनधारक वारला की वारसांची चौकशी होते, गाव नमुना 6-क मध्ये वारस लिहिले जातात आणि गाव नमुना 6 मध्ये फेरफार पडतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत वारस केले, तेव्हापासून या नोंदींत बहिणी दिसू लागल्या. त्यांना वाटा मिळाला असे नाही. बहुतेक ठिकाणी भावांनी त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. पण त्या सोडपत्रात बाईचे सासरचे पूर्ण नाव, वय, गाव आणि तालुका लिहावाच लागतो. आपला वाटा सोडताना तिने मागे ठेवलेला हा पत्ता पन्नास वर्षांनी भाच्याच्या नातवाला उपयोगी पडतो. राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता पाहता येतात. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरून मागे मागे जायचे. नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकाकडे शोधावे लागतात.

नाती लिहून ठेवली गेली ती माणसे जवळची होती म्हणून नव्हे. काही द्यायचे, घ्यायचे किंवा सोडायचे होते म्हणून. जमीन, पिंडदान, दाखला, पगार. गरिबांच्या आणि भूमिहीनांच्या वंशावळी लवकर तुटतात त्याचे कारणही हेच, आणि मग कधीकधी परक्या सत्तेची कारकुनी त्यांना तारते.

मॉरिशसचे मराठी लोक याचे उदाहरण. 1834 पासून तिथल्या ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरी भागातले पुष्कळ होते. मालकांना पळालेला मजूर ओळखता यावा म्हणून प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, परगणा, गाव हे टिपले गेले. पुढे छायाचित्रेही लागली. हेतू पाळत ठेवण्याचा होता. आज ते दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि वंशज तिथून पूर्वजाच्या नोंदीचा दाखला घेतात. अडचण आडनावाची: तिथे आजोबांचे पहिले नाव नातवाचे आडनाव झाले, आणि मराठी गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला येईल तसे लिहिले. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर केल्यावर या दाखल्यांना व्यवहारी किंमतही आली.

कानाला येईल तसे लिहिलेले नाव किती फसवते, हे शेरू ऊर्फ सरू ब्रायरली याच्या गोष्टीत दिसते. विंचूरला जवळचे रेल्वे स्थानक लासलगाव. त्याच मार्गावर पुढे, भुसावळच्या पलीकडे बऱ्हाणपूर आहे. तिथून 1986 मध्ये पाच वर्षांचा हा मुलगा चुकून गाडीत बसून थेट कोलकात्याला पोचला आणि दत्तक होऊन ऑस्ट्रेलियात गेला. त्याला आठवत होते ते वस्तीचे नाव त्याच्या जिभेवर 'जिनेस्टले' झाले होते. प्रत्यक्षात ते खंडव्यातले गणेश तलाई. नावाने काहीच सापडेना, तेव्हा त्याने गुगल अर्थवर रुळांच्या कडेने शोधत स्थानकाजवळची पाण्याची टाकी ओळखली आणि 2012 मध्ये तो आईला भेटला. दत्तक गेलेल्या प्रौढ मुलांना आता मूळ शोधण्याची वाट कायद्याने दिलेली आहे, पण त्रयस्थाने तो शोध घेऊ नये आणि आईबापांनी मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर त्यांची संमती घ्यावी, असा नियम आहे.

सापडलेल्या घरी जाताना वेगळीच अडचण येते. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात किंवा कांद्याच्या रानात दोन पिढ्यांनी दारात उभ्या राहिलेल्या भावकीला पहिला प्रश्न विचारला जातो तो डोळ्यांनी: जमिनीसाठी आलात का? म्हणून आधी साधे पत्र पाठवावे, सोबत सामाईक पूर्वजापर्यंतची वंशावळ आणि एखादा जुना फोटो, आणि सातबाऱ्याची झेरॉक्स तर मुळीच नेऊ नये.

आत्या सापडली तर प्रश्न उलट्या बाजूने येतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद ठरली, आणि बाप त्या वेळी हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितले. सोडपत्रावर तिचा अंगठाच नसेल, किंवा वारस नोंदीत तिचे नाव कोणी घालूच दिले नसेल, तर हरवलेले माणूस शोधणाऱ्या घरासमोर त्या माणसाचा वाटाही येऊन उभा राहतो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर नोंदणी होऊन झालेल्या वाटण्यांना दुरुस्तीने हात लावलेला नाही. त्यामुळे वाटणीपत्राची तारीख आणि नोंदणी घरातल्यांनी आत्याला फोन करण्याआधी पाहून ठेवलेली बरी.