दिलेला शब्द आणि हुकलेली कीर्ति

गुणी माणसानें काय केलें हें विसरून त्यानें काय नाकारलें एवढेंच लक्षांत ठेवावयाचें, ही जगाची जुनी खोड आहे. ४ ऑगस्ट २०२५ रोजीं, वयाच्या ७५ व्या वर्षीं निवर्तलेला इंग्रज रॉक-गायक व गीतकार टेरी रीड याच्या वांट्यास नेमका हाच न्याय आला. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच त्याचें नांव ऐकलें असेल. म्हणून त्याची हकीकत थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रीडचा जन्म १३ नोव्हेंबर १९४९ रोजीं इंग्लंडांतील हंटिंग्डनशायर परगण्यांत झाला. मिसरूडही फुटलें नव्हतें अशा वयांत त्यानें रचलेलें एक गीत पुढें अनेक नामांकित वाद्यवृंदांनीं गाइलें. १९६६ सालीं तो पीटर जे याच्या 'जेवॉकर्स' नामक वृंदांत शिरला, आणि त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें, 'रोलिंग स्टोन्स'च्या जलशांत, हजारों श्रोत्यांपुढें उभा राहिला. त्याचा गळा असा कीं, आतां हळुवार गुणगुणावें व दुसऱ्याच क्षणीं तारसप्तकांत आर्त हांक घालावी! अशा दमसासामुळें रसिकांनीं त्यास 'सुपरलंग्ज' हें टोपणनांव दिलें.

१९६८ सालीं जिमी पेज हा प्रख्यात गिटारवादक नवा वृंद उभारीत होता. गायक म्हणून त्यानें रीडला पाचारण केलें. परंतु अमेरिकेच्या दौऱ्यांवर जाण्याचा शब्द रीडनें आधींच देऊन ठेविला होता. तो त्यानें मोडला नाहीं. उलट रॉबर्ट प्लांट हा गायक व जॉन बॉनम हा ढोलवादक, अशीं दोन नांवें त्यानेंच पेजला सुचविलीं. तो वृंद 'लेड झेपेलिन' या नांवानें पुढें जगभर गाजला. त्यानंतर 'डीप पर्पल'च्या बोलावण्यासही रीडनें नकारच दिला.

येथवरची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, व ऐकणारा हळहळतो. तथापि आमच्या मतें रीडचें खरें नुकसान नकारानें केलें नाहीं. तें करारानें केलें. निर्माता मिकी मोस्ट यास त्याच्याकडून संथ, गोड, हमखास खपणारीं गाणीं हवीं होतीं. रीडला आपल्या मनाचें गावयाचें होतें. दोघांचें बिनसलें, आणि १९६९ च्या गीतसंग्रहानंतर दुसरा संग्रह निघावयास १९७३ साल उजाडलें. विशीच्या ऐन बहरांतील चार वर्षें अशीं गेलीं! कॅलिफोर्नियास बिऱ्हाड हलविल्यावर निघालेला 'रिव्हर' हा तो संग्रह, आणि १९७६ सालचा, मित्र ग्रॅहम नॅश यानें निर्मिलेला 'सीड ऑफ मेमरी', हे दोन्ही जाणत्यांनीं वाखाणले. पण दुकानांत ते पडून राहिले. २००५ सालीं एका अमेरिकन चित्रपटांत त्याचीं गाणीं घेतलीं गेलीं, तेव्हां नव्या पिढीस हा आवाज प्रथमच कळला. रीड मात्र उतारवयांतही लहानमोठ्या सभागृहांतून गातच होता.

व्यवहारचतुर माणूस म्हणेल, शब्द पाळून त्यास काय मिळालें? प्रश्न रास्त आहे, आणि द्रव्याच्या हिशेबानें त्याचें उत्तर 'थोडेंच' असें द्यावें लागेल. पण हातची संधि सोडतांना ती योग्य माणसाच्या ओंजळींत घालणें ज्यास साधलें, त्यास केवळ 'हुकलेला' म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. वाचकांनीं 'रिव्हर' एकदां निवांतपणें ऐकावा, व मग काय तो निवाडा करावा.