विंडोजच्या पोटात लिनक्स आणि घरात स्वतःचा मीडिया सर्व्हर: व्हिडिओत न मावलेला हिशेब

मागच्या व्हिडिओत आपण विंडोजमध्येच लिनक्स टाकलं आणि त्यावर जेलीफिन चालू केलं. कमांड तिथे स्क्रीनवर दिसतात, त्या इथे परत लिहीत बसत नाही. त्या कमांडच्या मागे काय चाललंय आणि बहुतेक जण कुठे अडकतात, ते इथे बघू.

आधी गरज तपासा. तुमच्या हार्ड डिस्कवर लग्नाचं शूटिंग असेल, पोरांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ असतील, पैसे भरून केलेल्या कोर्सचं रेकॉर्डिंग असेल, मालाचे डेमो असतील. ते दाखवायचं म्हटलं की पेनड्राइव्ह शोधा, कॉपी करा, टीव्हीला लावा, आणि टीव्ही म्हणणार 'फॉरमॅट चालत नाही'. मीडिया सर्व्हर असला की फाइली एका पीसीवर राहतात आणि घरातला टीव्ही, फोन, टॅब वायफायवरून त्या बघतो. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालतं. जेलीफिन पूर्ण फुकट आहे. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये आपला कोड बंद केला, तेव्हा काही लोकांनी जुना खुला कोड घेऊन ते पुढे चालवलं, तेच हे जेलीफिन.

आता खरं बोलतो. जेलीफिनची साधी विंडोज आवृत्तीसुद्धा मिळते. तुम्हाला फक्त टीव्हीवर व्हिडिओ बघायचेत, बाकी काही शिकायचं नाही, तर ती टाका आणि मोकळे व्हा. लिनक्सच्या वाटेने जायचं कारण वेगळं आहे. उद्या एखादा जुना लॅपटॉप किंवा मिनी पीसी कायमचा सर्व्हर करायचा ठरवला, तर त्यावर लिनक्सच जाणार, आणि आज शिकलेलं तिथे जवळपास जसंच्या तसं लागू पडेल. चालू पीसी फॉरमॅट न करता सराव होतो, हा यातला फायदा.

विंडोजमधल्या या सोयीचं नाव डब्ल्यूएसएल. २०१६ मध्ये आली, पण २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालायला लागला. 'व्हर्च्युअल मशीन' हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिथूनच येतात.

पहिली अडचण रॅमची. हे मशीन गरज पडली तर पीसीची निम्मी रॅम घेऊ शकतं. ८ जीबीच्या पीसीवर ४ जीबी तिकडे गेली आणि इकडे टॅली, ब्राउझर, प्रिंटरचं सॉफ्टवेअर उघडं असेल, तर संध्याकाळच्या गर्दीत बिल निघायला वेळ लागणार. म्हणून विंडोजच्या यूजर फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घालायची. घरच्या वापराला २ ते ३ जीबी पुरते. फाइल सेव्ह केल्यावर डब्ल्यूएसएल एकदा पूर्ण बंद करून परत चालू करा, नाहीतर बदल लागू होत नाही. आणि काउंटरवरच्या बिलिंग पीसीवर हा प्रयोग करूच नका. घरचा पीसी घ्या. त्या मशीनवर तुमची उधारी आहे, जीएसटीचा डेटा आहे. सिनेमासाठी तो धोका कशाला?

दुसरी अडचण नेटवर्कची. पीसीवर जेलीफिन दिसतं, टीव्हीवर दिसत नाही, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. झालंय असं की त्या आतल्या मशीनला स्वतःचा वेगळा आयपी पत्ता मिळालाय आणि तो तुमच्या राउटरला माहीतच नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमनला फ्लॅट नंबर माहीत नसला की पार्सल परत जातं, तसंच. विंडोज ११ च्या २२एच२ किंवा नंतरच्या आवृत्तीवर त्याच कॉन्फिग फाइलमध्ये नेटवर्क 'मिरर्ड' करता येतं, मग लिनक्सही पीसीच्याच पत्त्यावर दिसतं. विंडोज १० वर पोर्ट फॉरवर्डची कमांड द्यावी लागते, आणि आतला पत्ता रीस्टार्टनंतर बदलतो, म्हणून ती परत परत द्यावी लागते. दोन्हीकडे फायरवॉलमध्ये ८०९६ हा पोर्ट उघडायचा, तोही फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी. राउटरवरून हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका. गावाहून बघायचंच असेल तर टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा.

तिसरी गोष्ट फाइली कुठे ठेवायच्या ही. यात चूक केली तर नुकसान कायमचं. लिनक्सच्या आतलं सगळं विंडोजवर एकाच मोठ्या डिस्क फाइलमध्ये साठतं. उबुंटू 'अनरजिस्टर' केलं की ती फाइल जाते आणि आतलं सगळं जातं, रीसायकल बिनमध्ये काही सापडत नाही. शिवाय आतले व्हिडिओ डिलीट केले तरी ती फाइल आपोआप लहान होत नाही. म्हणून लग्नाचं शूटिंग आतमध्ये नाही, डी ड्राइव्हवरच ठेवा. लिनक्सला तो ड्राइव्ह एमएनटी फोल्डरखाली दिसतोच. जेलीफिनचा स्वतःचा डेटाबेस मात्र लिनक्सच्या आतच राहू द्या. विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून बारीक बारीक फाइली वाचणं-लिहिणं हळू होतं, एक मोठा व्हिडिओ सलग वाचायला तेवढा त्रास नाही. अजून एक: डी ड्राइव्हवर नवीन व्हिडिओ टाकला तर जेलीफिनला लगेच कळत नाही, लगेच हवा असेल तर स्कॅनचं बटण दाबावं लागतं. सर्व्हर बिघडला असं समजून लोक सगळं परत इन्स्टॉल करतात. तसं करू नका. आणि हा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच.

व्हिडिओ अडखळत असेल तर फॉरमॅट बघा. नवे फोन बऱ्याचदा एचईव्हीसीमध्ये शूट करतात, जुना टीव्ही ते ओळखत नाही, मग सर्व्हर चालू व्हिडिओचं रूपांतर करत बसतो आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सची नेहमीची मदत डब्ल्यूएसएलमध्ये मिळत नाही. सोपा उपाय म्हणजे असे व्हिडिओ रात्री एकदाच एच २६४ मध्ये बदलून ठेवायचे.

आता विजेचा हिशेब. डेस्कटॉप साधारण ६० वॅट खातो असं धरा. दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट, १० रुपये दराने ४३० रुपये. 'फुकट' सर्व्हरचं हे भाडं. रोज संध्याकाळी ५ तासच चालवला तर ९ युनिट, ९० रुपये. त्यामुळे चोवीस तासांचा हट्ट सोडा. लॉगिन झाल्यावर टास्क शेड्यूलरने लिनक्समधली एक न संपणारी कमांड सुरू करायची. नुसती जेलीफिनची सर्व्हिस चालू असली तरी खिडकी बंद केल्यावर डब्ल्यूएसएल थोड्या वेळाने झोपून जातं, त्यासाठी ही युक्ती. त्या वेळात विंडोजचा स्लीप मोडही बंद ठेवा.

दुकानात टीव्ही लावून गाणी-सिनेमे दाखवणार असाल, तर घरचा नियम तिथे लागू होत नाही. ते सार्वजनिक प्रसारण ठरतं आणि गाण्यांसाठी पीपीएल, आयपीआरएससारख्या संस्थांचा परवाना लागतो. स्वतः शूट केलेले, स्वतःच्या आवाजातले मालाचे डेमो लावा, त्याला कोणाला विचारायची गरज नाही. साड्या नेसवण्याचा, मिक्सरचं भांडं बसवण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दिवसभर फिरत राहिला तर गिऱ्हाईक थांबून बघतं. पण त्याच्या मागे फिल्मी गाणं जोडलं असेल, तर ते आधी काढा.