धावणाऱ्याच्या हातातील पाण्याची बाटली



लांब पल्ल्याची धाव हा एके काळी मल्लांचा, शिपाईगड्यांचा आणि शर्यतीच्या मोजक्या शौकिनांचा विषय होता. आता तसे राहिलेले नाही. २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि तेव्हापासून कारकून, गृहिणी, निवृत्त मंडळी असे सर्व थरांतील लोक या छंदाकडे वळले. आमच्या दिव्यासारख्या ठिकाणी, जेथे सकाळची पहिली विवंचना लोकलमध्ये पाय ठेवावयास जागा मिळेल की नाही ही असते, तेथेही उजाडण्यापूर्वी आगासनच्या बाजूस किंवा शीळकडे जाणाऱ्या रस्त्याने धावणारी माणसे दृष्टीस पडतात. त्यांपैकी पुष्कळांच्या हातांत पाण्याची बाटली असते. ही बाटली कशी निवडावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. बाटलीत काय पहावयाचे? पाणी राहिले म्हणजे झाले! परंतु धावणाऱ्याला पाणी कमी पडले तरी अपाय होतो आणि अधिक झाले तरी अपाय होतो, आणि दोन्ही प्रसंगी तो प्राणावर बेतू शकतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्याला पाणी किती लागते, हे जाणून घेणे अवश्य आहे. बाटलीचा विचार त्यानंतरचा.

पाणी कमी पडल्याचे प्रसिद्ध उदाहरण १९०४ सालच्या सेंट लुईस येथील ऑलिंपिक मॅरेथॉनचे आहे. दिवस कडक उन्हाचा, रस्ता धुळीचा, आणि संयोजकांनी वाटेतील पाण्याची सोय बुद्ध्याच अगदी अल्प ठेविलेली. बत्तीस जण धावावयास उभे राहिले. त्यांपैकी अवघे चौदा शेवटपर्यंत पोहोचले. पुढे १९२० साली ॲन्टवर्प येथील ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. सर दोराबजी टाटा आणि पुण्याचे डेक्कन जिमखाना यांच्या खटपटीने तो संघ परदेशी गेला होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल.

आता उलट बाजू पहा. पुढे पुढे धावणाऱ्यांस असा उपदेश होऊ लागला की, तहान लागो वा न लागो, पोटात मावेल तेवढे पाणी पीत रहावे. या उपदेशाचा परिणाम २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये मोजला गेला. तेथे शर्यत संपताच ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी शेकडा तेरा जणांच्या रक्तातील सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, प्रमाणापेक्षा खाली गेलेला आढळला. विशेषतः धावून आल्यावर ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यामध्ये हा दोष अधिक होता. पाण्याच्या अतिरेकाने रक्तातील मीठ पातळ होते, मेंदूला सूज येते आणि मनुष्य दगावूही शकतो. तात्पर्य, हातात मोठी बाटली आहे म्हणून ती रिकामी केलीच पाहिजे, हा समज घातक आहे.

मग योग्य प्रमाण कसे ठरवावे? यासाठी वैद्यकाच्या मोठ्या ज्ञानाची आवश्यकता नाही. वजनकाटा आणि चौथीच्या इयत्तेतील गणित एवढ्यावर भागते. एका सकाळी धावण्यापूर्वी अल्प वस्त्रांत वजन करावे. नेहमीच्या वेगाने एक तास धावावे. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करावे. जेवढे किलो घटले तेवढे लिटर पाणी शरीरातून गेले असे धरावे, आणि वाटेत प्यालेले पाणी त्यात मिळवावे. उदाहरणार्थ, आरंभीचे वजन ६२ किलो, नंतरचे ६१.२ किलो, आणि वाटेत प्यालेले पाणी ०.३ लिटर. म्हणजे तासाचा घाम १.१ लिटर झाला. सामान्यतः तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरांपर्यंत घाम जातो. माणसामाणसांत एवढा फरक असल्यामुळे शेजाऱ्याची बाटली पाहून आपली बाटली घेण्यात अर्थ नाही.

गेलेला सर्व घाम वाटेतच भरून काढावयाचा नसतो. शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन भागांपर्यंत घट निरोगी मनुष्य बहुधा सोसू शकतो. वरील गृहस्थाच्या बाबतीत ही घट सुमारे सव्वा किलो होते. तो दोन तास धावला तर घाम २.२ लिटर जाईल. त्यातून सव्वा वजा केल्यास सुमारे एक लिटर पाणी वाटेत प्यावे लागेल. अर्ध्या लिटरची बाटली घेऊन ती मध्ये एकदा भरून घेतली की त्याचे काम होते. एक तासाच्या आतल्या धावेला बहुतेकांना बाटलीची गरजच नसते. हे गणित बाटलीचे माप ठरविण्यापुरते आहे. प्रत्यक्ष धावताना तहान हीच मार्गदर्शक मानावी आणि तहान लागेल तसे घोट घोट प्यावे.

आपल्या ठाणे-कल्याणच्या हवेसंबंधी येथे एक गोष्ट सांगावयास हवी. घाम आला म्हणजे अंग थंड होते असे आपण म्हणतो, पण खरोखर अंग थंड होते ते घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो घाम ठिबकून जमिनीवर पडतो तो काहीच नेत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, ठिबकतो. म्हणून येथे घाम पुष्कळ जातो आणि शरीर मात्र तापतेच. कितीही पाणी प्यालो तरी हा ताप पुरता निवत नाही. वेग कमी करणे व पहाटे लवकर निघणे हेच त्यावर खरे उपाय आहेत. मात्र बाटलीत साधे पाणी असेल तर त्यातील थोडे डोक्यावर व मानेवर घेता येते. सरबत भरलेल्या बाटलीचा हा उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष बाटलीकडे वळू. वाटेवर पाणी बरोबर नेण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. गोसाव्याचा भोपळ्याचा तुंबा, आगगाडीच्या प्रवासातील फिरकीचा तांब्या, वारकऱ्याच्या हातातील तांब्या, ही सर्व त्याचीच रूपे. परंतु चालणाऱ्याचे पात्र आणि धावणाऱ्याचे पात्र यांत मोठे अंतर आहे. चालणारा थांबून पाणी पितो. धावणाऱ्याचा हात सतत हेलकावत असतो. मिनिटाला साधारण पंच्याऐंशी हेलकावे धरले तर दोन तासांत एका हाताचे दहा हजारांवर हेलकावे होतात. अर्ध्या लिटर पाण्याचे वजन अर्धा किलो, बाटलीचे निराळे. एवढे ओझे प्रत्येक हेलकाव्याबरोबर खांद्याने उचलावयाचे असते. यावरून पहिला नियम निघतो : आपल्या गणितास पुरेल तेवढीच लहान बाटली घ्यावी. सामान्य धावणाऱ्यास पाव ते अर्ध्या लिटरची पुरते. एक लिटरची बाटली हातात धरून धावणे हे धावणे नव्हे, हमाली आहे.

दुसरा नियम मुठीसंबंधी. बाटली मुठीत आवळून धरली की मनगट, कोपर आणि खांदा क्रमाक्रमाने ताठरतात, आणि त्या बाजूची चाल बिघडते. म्हणून हाताच्या पाठीवरून जाणारा, घट्ट-सैल करता येणारा पट्टा असलेली बाटली घ्यावी. पट्टा असा बसावा की बोटे मोकळी सोडली तरी बाटली पडू नये. दुकानात रिकामी बाटली हाती घेऊन हे समजत नाही. ती पाण्याने भरून, पट्टा बांधून, चार-पाच मिनिटे जागच्या जागी धावून पहावे. पट्ट्याची कडा राठ असेल तर घामाने भिजलेल्या कातडीस ती सोलून काढते. हात लहान असलेल्या स्त्रियांनी व मुलांनी मधोमध निमुळती किंवा चपटी बाटली पसंत करावी. आणि कोणतीही बाटली असो, काही वेळाने हात बदलावा.

तिसरी गोष्ट पाणी डुचमळण्याची. टणक बाटली अर्धी झाली की वरच्या भागात हवा शिरते व पाणी आत आपटू लागते. याला उतारा म्हणून अलीकडे मऊ, चिमटणाऱ्या पिशवीसारख्या बाटल्या निघाल्या आहेत. पाणी जाईल तसतशी ती आकसते, त्यामुळे डुचमळ राहत नाही, आणि रिकामी झाली की घडी करून खिशात ठेवता येते. मात्र ती भरावयास अवघड, आणि टोकदार वस्तूने लवकर फाटते. टणक पण दाबता येणारी बाटली अधिक टिकाऊ असते. पोलादाची बाटली घरी व कचेरीत उत्तम, पण धावताना वजनास भारी, आणि ती दाबता येत नसल्याने पाणी पिण्यास मान मागे टाकावी लागते. रहदारीच्या रस्त्यावर क्षणभरही नजर वर जाणे धोक्याचे आहे.

चौथी गोष्ट तोंडाची. तोटी अशी असावी की एका हाताने किंवा दातांनी उघडता यावी, हलके दाबताच पुरेसा घोट मिळावा, आणि बंद केल्यावर थेंबही गळू नये. परीक्षा सोपी आहे : बाटली भरून, उलटी करून, जोराने दाबावी. गळली तर परत ठेवावी. बुचाचे तोंड मात्र रुंद हवे. त्यातून बर्फाचा खडा जातो आणि धुण्याचा ब्रशही जातो.

धुण्याचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. तोटीच्या खाचांत ओल राहते, साखरेचे पाणी भरले असेल तर बुरशी धरते, आणि पुढच्या रविवारी ती आपण पोटात घेतो. धावून आल्यावर बाटली, बूच व तोटी सुटी करून साबण आणि कोमट पाण्याने धुवावी व उलटी ठेवून पूर्ण वाळवावी. जी तोटी सुटी होत नाही ती बाटली घेऊ नये. तळाशी त्रिकोणात अंक असतो तोही पहावा. २, ४ किंवा ५ हे अंक पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन या जातींचे असून पुन्हा पुन्हा वापरावयास योग्य असतात. १ हा अंक बहुधा एकदाच वापरावयाच्या पातळ बाटलीवर असतो. ती नित्य वापरू नये.

ज्यांना दोन तासांहून अधिक वेळ, वाटेत पाणी भरण्याची सोय नसताना धावावयाचे आहे, त्यांनी हातातील बाटलीचा नाद सोडावा व पाठीवर बसणारी पिशवी घ्यावी. उलट, मोठ्या शर्यतींत साधारण दर पाच किलोमीटरांवर पाणी मिळत असल्याने तेथे बाटलीवाचूनही चालते. सरावाच्या दिवशी मात्र आमच्या भागात वाटेतील नळाचा भरवसा धरू नये. घरचे गाळलेले किंवा उकळलेले पाणी न्यावे, अथवा घरावरून पुन्हा जाणारी वाट आखावी.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. धावता धावता कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर आपली बाटली त्याच्या तोंडाला लावण्याची घाई करू नका. उष्माघातात आणि पाण्याच्या अतिरेकात ही लक्षणे सारखीच दिसतात, आणि दुसऱ्या प्रसंगी आणखी पाणी हे विषच ठरेल. त्याला सावलीत न्यावे, अंग तापलेले असेल तर त्यावर पाणी ओतून वारा घालावा, आणि विलंब न लावता रुग्णालयात पोहोचवावे. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

सारांश, आधी घामाचे गणित, मग वाटेचा विचार, आणि शेवटी बाटली, हा क्रम ठेवावा. माप लहान, पट्टा मऊ, तोटी न गळणारी आणि धुण्यास सुटी होणारी, एवढी चार लक्षणे ध्यानात ठेविली तर दुकानदाराच्या रंगीबेरंगी मांडणीपुढे आपण गोंधळून जाणार नाही. येत्या रविवारी धावावयास निघण्यापूर्वी एकदा वजनकाट्यावर उभे रहावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.